मंगल कार्यालयातला फ्लॅश: एका फोटोत दोन एक्स्पोजर

तुमच्याकडे निकॉन डी ५६००, सोबत आलेली १८-५५ लेन्स, एक ५० मिमी एफ १.८ आणि नवा घेतलेला टीटीएल फ्लॅश (किती प्रकाश टाकायचा हे कॅमेरा लेन्समधून मोजून ठरवतो तो) आहे, आणि मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलंय. साखरपुड्याला सराव म्हणून काढलेल्या फोटोंत चेहरे पांढरेफटक, मागचं सगळं काळं आणि भिंतीवर डोक्यांच्या गडद सावल्या. ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं उपकरण) लावून फ्लॅश बाजूला ठेवून पाहिला, तेव्हा फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा आला. तुम्ही विचारलंय की फ्लॅश कमी करू की वाढवू. शिवाय हाय स्पीड सिंकवाला (फार वेगवान शटरलाही चालणारा) महाग फ्लॅश घ्यावा का, आणि वडिलांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश दुसरा म्हणून चालेल का. क्रमाने सांगतो. उत्तर लांबेल, कारण पहिल्या प्रश्नाचं मूळ दुसरीकडेच आहे.

फ्लॅशने काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर, म्हणजे फोटोत नोंदले गेलेले दोन उजेड, एकमेकांवर बसलेली असतात. एक हॉलमधल्या उजेडाचं: झुंबरं, स्टेजवरचे एलईडी, खिडकीतून येणारा दिवस. दुसरं फ्लॅशचं. फ्लॅशचा झोत अतिशय अल्पकाळ टिकतो. निकॉनच्या एसबी-९१० या फ्लॅशचे कंपनीने दिलेले आकडे पाहा: पूर्ण ताकदीवर १/८८० सेकंद, १/१६ ताकदीवर १/१०,००० आणि १/१२८ वर १/३८,५०० सेकंद. शटर, म्हणजे सेन्सर उघडा राहण्याचा वेळ, १/६० सेकंदाला ठेवा नाहीतर १/२०० ला, हा सगळा झोत त्यात मावतोच. त्यामुळे शटर स्पीड बदलला तरी फ्लॅशचं एक्स्पोजर तेवढंच राहतं, बदलतो तो हॉलचा उजेड. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा लहान तेवढं मोठं) आणि आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) दोन्हींवर परिणाम करतात. फ्लॅशची ताकद आणि फ्लॅशपासून माणसापर्यंतचं अंतर फक्त फ्लॅशच्या वाट्यावर. ही वाटणी डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हीच सोडवाल.

ती पक्की बसवण्यासाठी आज संध्याकाळी घरीच एक प्रयोग करा. कुणाला तरी खुर्चीत बसवा, त्यांच्या मागे जरा लांब एक टेबललॅम्प लावून ठेवा. कॅमेरा एम मोडवर (सगळं तुम्ही स्वतः ठरवता तो), एफ ४, आयएसओ ८००. फ्लॅशही मॅन्युअलवर, साधारण १/१६ ताकदीला, तोंड छताकडे. आता फक्त शटर बदलत चार फोटो काढा: १/२००, १/१००, १/५०, १/२५. चारही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. चेहरा जवळजवळ सारखाच, आणि मागची खोली मात्र अंधारातून हळूहळू वर येताना दिसेल. दिवा, पडदा, कपाटावरची घडी, एकेक वस्तू दिसायला लागेल. मग शटर १/१०० ला कायम ठेवून फ्लॅशची ताकद १/३२, १/१६, १/८ अशी बदला. आता खोली जवळजवळ तशीच राहील आणि चेहरा उजळत जाईल. हे सात फोटो कितीही वाचण्यापेक्षा जास्त शिकवतात.

आता साखरपुड्याचे फोटो काळे का आले ते कळेल. तुम्ही कॅमेरा पी किंवा ए मोडवर (शटर कॅमेराच ठरवतो ते) ठेवला असणार. निकॉनमध्ये या मोडवर फ्लॅश चालू असला की शटर नेहमीच्या सेटिंगला १/६० च्या खाली जात नाही. आयएसओ २००, एफ ५.६, शटर १/६० अशी काहीतरी जोडी तुमच्या फोटोंच्या माहितीत दिसेल. सर्वसाधारण मंगल कार्यालयातल्या उजेडाला हे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) किंवा त्याहून जास्त कमी पडतं. हॉल काळा पडतो तो त्यामुळे. चेहरे पांढरे पडण्याचं एक कारणही तेच आहे: चौकटीचा मोठा भाग काळा दिसला की तो उजळवण्यासाठी कॅमेरा जास्त फ्लॅश मागवतो, आणि तो जादा फ्लॅश मागच्या अंधारापर्यंत पोचतच नाही, पुढच्या चेहऱ्यावरच आदळतो.

म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काम फ्लॅश बंद करून करायचं. कॅमेरा एम मोडवर, ऑटो आयएसओ बंद. आयएसओ १६००, एफ ४, शटर १/१२५ इथून सुरुवात करा आणि स्टेजचा एक फोटो काढा. हॉल एक ते दीड स्टॉप कमी उजेडाचा दिसला पाहिजे: फुलांचे रंग, दिव्यांच्या माळा, मागे बसलेली माणसं ओळखू येतात, पण चेहरे थोडे काळवंडलेले आहेत. तसं नसेल तर शटर नाहीतर आयएसओ बदलून तिथं आणा. मग फ्लॅश चालू करा, टीटीएलवर, आणि चेहऱ्याला जेवढा कमी पडतोय तेवढाच उजेड त्याला घालू द्या. उभ्या माणसांना १/१०० पुरतो. हळदीला नाचणाऱ्या करवल्यांना १/१६० घ्या. हॉलचा उजेड एक-दीड स्टॉप खाली ठेवलेला असल्यामुळे थोडीशी हालचाल झाली तरी तिची पुसट छटा फारशी दिसत नाही, चेहरा फ्लॅशने टोकदार येतो.

आयएसओ १६०० ची भीती बाळगू नका. डी ५६०० ला तो सहज पेलतो. आयएसओ ४०० वर काळा काढलेला फोटो नंतर कॉम्प्युटरवर ओढून उजळवला, तर त्यात दाणे काही कमी होत नाहीत.

लेन्सबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. तुमची १८-५५ ही एफ ३.५-५.६ आहे. १८ ला एफ ४ लावलंत आणि झूम करत ५५ पर्यंत गेलात, की लेन्स आपोआप एफ ५.६ वर येते आणि हॉलचा उजेड एका स्टॉपने पडतो. टीटीएल फ्लॅश ते भरून काढतो, हॉल मात्र कुणी भरून काढत नाही. त्यामुळे झूम वापरायचीच असेल तर सरळ एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० धरून चला. विधींच्या वेळी ५० मिमी लावून एफ २.८ ते ४ वर काम केलंत तर फार सुख लागेल.

इथवर झालं ते उजेड किती याबद्दल. तो कुठून येतो हे त्याच्याइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ पुढे मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, पैठणीच्या जरीवर आणि दागिन्यांवर पांढरे डाग पाडतो, चष्म्यात चमकतो आणि मागच्या भिंतीवर ती गडद, कातरल्यासारखी सावली टाकतो. नथीतला मोती तर एक पांढरा ठिपका होऊन बसतो, त्याची गोलाई जाते. फ्लॅशचं डोकं फिरतं ते याचसाठी. प्रकाश आधी एखाद्या मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावर टाका, तो पृष्ठभाग उजळतो, आणि मग तोच तुमचा दिवा होतो. दिवा जेवढा मोठा तेवढ्या सावल्या मऊ.

बहुतेक जण डोकं सरळ वर, छताकडे करतात. त्याने भिंतीवरची सावली जाते, पण उजेड थेट माथ्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. डोकं वर आणि थोडं मागे, म्हणजे तुमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीच्या वरच्या भागाकडे वळवा. उजेड समोरून आणि वरून येतो, डोळ्यांपर्यंत पोचतो. बाजूला पांढरी भिंत असेल तर तिच्याकडे वळवा. नवरीच्या चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी हळुवार सावलीत, नथ ज्या बाजूला तो गाल उजेडात, हा फोटो बघून घरचे लोक थांबतात. आडवा कॅमेरा उभा केलात की फ्लॅशचं डोकं पुन्हा फिरवायचं, हे हाताला सवयीचं होईपर्यंत मुद्दाम आठवावं लागतं. फ्लॅशच्या वरून बाहेर ओढता येणारं छोटं पांढरं कार्ड असतं, ते वर बाउन्स करताना, म्हणजे प्रकाश छतावर आपटवताना, बाहेर काढून ठेवा, डोळ्यांत चमक येते.

'छत उंच आहे, बाउन्स होणार नाही' हे मी अनेकांकडून ऐकतो. गणित करून पाहू. बऱ्याच फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर ६० लिहिलेला असतो, पण तो आयएसओ १०० ला आणि फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर असताना. ३५ मिमी झूमवर तोच साधारण ३६ भरतो. गाइड नंबर म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चर. आयएसओ १६०० ला तो चौपट, म्हणजे १४४ होतो. हॉलचं छत सहा मीटर, म्हणजे जवळपास वीस फूट आहे असं धरा. प्रकाश वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे दहा मीटरचा प्रवास. १४४ भागिले १० म्हणजे एफ १४. पांढऱ्या छतावर आपटून पसरताना साधारण दोन स्टॉप जातात, उरतं एफ ७. तुम्ही एफ ४ वर आहात, म्हणजे फ्लॅशला जेमतेम एक तृतीयांश ताकद लागेल. आयएसओ १०० वर अडून बसलेल्याला छत उंच वाटतं. ते पांढरं असेल आणि तुम्ही आयएसओ वाढवायला तयार असाल, तर वीस फूट काही फार नाहीत.

छत पांढरं असण्याला मात्र पर्याय नाही. मांडवाचं लाल-पिवळं कापड, लाकडी पॅनल, पोपटी रंगाची भिंत, ज्यावर आपटाल तो रंग चेहऱ्यावर घेऊन येईल. हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड गव्हाळ कातडीला आजारी दाखवतो आणि तो नंतर सुधारणं जिकिरीचं असतं, कारण हॉलच्या उजेडातला भाग हिरवा नसतो, फक्त फ्लॅशचा भाग हिरवा असतो. कापडाच्या मांडवात सरळ शरण जा: फ्लॅश थोडा बाजूला नेऊन छत्रीत मारा, त्याबद्दल खाली लिहितो. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची ती दुधी प्लास्टिकची टोपी बंद खोलीत थोडीफार उपयोगी, कारण ती प्रकाश चारी बाजूंच्या भिंतींवर उधळते. उघड्या लॉनवर ती काहीच करत नाही. दिव्याचा आकार तेवढाच इवलासा राहतो, सावल्याही तेवढ्याच कडक राहतात, फक्त बॅटरी लवकर संपते.

रंगाचा आणखी एक प्रश्न येतो. फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विन, दुपारच्या उन्हासारखा. हॉलमधले पिवळे दिवे ३००० च्या आसपास. चेहरा बरोबर केला की मागचा हॉल नारिंगी होतो. थोडा नारिंगीपणा लग्नात छान दिसतो, मला स्वतःला आवडतो. पण तो फार वाटला तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावा. नाटकाच्या प्रकाशयोजनेचं सामान जिथं मिळतं तिथं या शीट मिळतात, फ्लॅशसाठी कापलेले संचही मिळतात. पूर्ण नारिंगी शीट फ्लॅशला पिवळ्या दिव्यांच्या जवळ नेते आणि अर्ध्या-पाऊण स्टॉपचा उजेड खाते. ती लावल्यावर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगजुळणी) इनकँडेसंटवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या खुणेवर ठेवा. अर्धी छटा असलेली शीट बहुतेक हॉलना पुरते. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, रंग नंतर बदलता येतात) काढा. हल्ली एकाच हॉलमध्ये पिवळे झुंबर, पांढरे एलईडी आणि स्टेजवर जांभळे पार लाइट असे तीन रंग एकत्र असतात. सगळ्यांशी जुळवून घेणं शक्य नसतं, चेहऱ्यावर जो पडतोय त्याच्याशी जुळवा. मुहूर्ताच्या वेळी डेकोरेशनवाल्याला जांभळे दिवे पाच मिनिटं बंद करायला आधीच सांगून ठेवा. ते ऐकतात.

आता टीटीएलबद्दल. ते कसं चालतं हे माहीत असलं की ते कुठं फसतं हेही कळतं. फिल्मच्या काळात ऑलिंपसने १९७५ मध्ये ओएम-२ या कॅमेऱ्यात फ्लॅशचा प्रकाश फिल्मवरूनच मोजण्याची सोय आणली: प्रकाश लेन्समधून येऊन फिल्मवर पडायचा, तिथून परावर्तित झालेला भाग कॅमेरा चालू एक्स्पोजरमध्येच मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडायचा. डिजिटल सेन्सरवरून प्रकाश फिल्मसारखा परावर्तित होत नाही. म्हणून आता शटर उघडण्याआधी फ्लॅश एक छोटा झोत टाकतो, कॅमेरा तो मोजतो, आणि मग मुख्य फ्लॅश किती हवा ते ठरवतो. डोळ्याला हे दोन झोत एकच वाटतात. पण काही माणसांची पापणी त्या पहिल्या झोताला झपकन मिटते आणि मुख्य झोताच्या वेळी नेमकी मिटलेली असते. तुमच्या कुटुंबात एखादी आजी किंवा काका प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले दिसत असतील, तर त्यांचा फोटो फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून काढा. पहिला झोतच नसतो, डोळे उघडे मिळतात.

हा मोजणारा झोत समोर पांढरं फार दिसलं की फ्लॅश कमी करतो आणि काळं दिसलं की वाढवतो. आपल्या लग्नात याची सगळ्यात मोठी परीक्षा अंतरपाटाशी होते. वर-वधूंच्या मध्ये पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, बाजूला पांढऱ्या सदऱ्यातले गुरुजी आणि टोप्या घातलेले मामा. कॅमेरा हे सगळं पांढरं बघतो, फ्लॅश आखडता घेतो, आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. फ्लॅशवरची भरपाई (टीटीएलच्या हिशेबात स्टॉपने करायची कमी-जास्त) अधिक एक करा. अंतरपाट खाली येताच तीच भरपाई शून्यावर किंवा उणे १/३ वर आणा, कारण आता चौकटीत गडद शालू आणि मागची गर्दी आहे. निकॉनमध्ये कॅमेऱ्यावरची आणि फ्लॅशवरची भरपाई एकमेकींत मिळवली जाते, म्हणून दोन्हीकडे हात घालू नका, फ्लॅशवरचीच वापरा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मंगलाष्टका सुरू असताना फ्लॅश मॅन्युअलवर घेणं. तुम्ही एका जागी उभे आहात, वर-वधू एका जागी उभे आहेत, छत तेच आहे. अंतर बदलत नसेल तर ताकद बदलायची गरज नाही. पहिल्या मंगलाष्टकेला दोन चाचणी फोटो काढून १/४ की १/८ ते ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. शेवटच्या 'शुभमंगल सावधान'ला कापड किती खाली गेलं, कोण मध्ये आलं, याने एक्स्पोजर हलत नाही. दुसरा फायदा अक्षतांचा. १/८ च्या आसपास झोत एका हजारांश सेकंदाचाही लहानसा अंशच टिकतो, त्यामुळे हवेतला तांदळाचा दाणा न दाणा थांबलेला येतो. पूर्ण ताकदीवर तेच दाणे लांबट रेघा होतात. आणि तिसरा: कमी ताकदीवर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो. पूर्ण ताकदीनंतर सेलवर चालणारा फ्लॅश दोन-तीन सेकंद घेतो, आणि हार घालतानाचं हसू तेवढ्या वेळात येऊन गेलेलं असतं.

लाजाहोमाला वेगळं वागा. होमाच्या धुरावर समोरून फ्लॅश मारला की धूरच उजळतो आणि चेहऱ्यांवर राखाडी पडदा आल्यासारखा दिसतो. ज्वाळेचा रंगही धुऊन जातो. ज्वाळा हा हॉलच्या उजेडाचा भाग आहे, म्हणजे ती शटरच्या ताब्यात. शटर १/६० पर्यंत खाली आणा, फ्लॅश बाजूच्या भिंतीवर आणि दीड-दोन स्टॉप कमी. ज्वाळेचा उजेड वधूच्या हातांवर, लाह्यांवर दिसू द्या. धूर फार झाला तर फ्लॅश बंदच करा. ५० मिमी एफ २ ला, आयएसओ ३२०० वर, फक्त अग्नीच्या उजेडात सप्तपदीचे फोटो फार सुंदर येतात.

हळदीला ओल्या हळदीची चकाकी ही एकच अडचण. सरळ फ्लॅश अजिबात नको, आणि पिवळा रंग फार लवकर जळतो, म्हणून भरपाई उणे १/३ ते २/३.

स्टेजवरच्या मोठ्या ग्रुप फोटोत अंतराचं गणित उपयोगी पडतं. सरळ किंवा छत्रीतून येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. पुढची रांग फ्लॅशपासून दोन मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल, तर मागच्या रांगेला पुढच्यापेक्षा सव्वादोन पट कमी प्रकाश मिळतो, म्हणजे एक स्टॉपहून जास्त फरक. फ्लॅश मागे नेऊन तेच अंतर चार आणि पाच मीटर करा, फरक दीडपट उरतो आणि डोळ्याला टोचत नाही. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८. आणि माणसांना पाठीमागच्या सजावटीपासून किमान दीड मीटर पुढे आणा, मागची सावली जमिनीवर पडते, भिंतीवर दिसत नाही.

काळ्या पट्ट्याकडे येतो. तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला खाली सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. १/२०० पर्यंत एक क्षण असा मिळतो की पूर्ण सेन्सर उघडा आहे, फ्लॅश त्या क्षणी पडतो. त्याहून वेगवान शटरला पहिला पडदा तळाशी पोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. फ्लॅश पडतो तेव्हा सेन्सरचा वरचा भाग झाकलेला असतो, आणि लेन्स प्रतिमा उलटी टाकत असल्यामुळे तो फोटोत खालचा पट्टा म्हणून दिसतो. टीटीएल फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) असताना कॅमेरा स्वतःच १/२०० च्या वर जाऊ देत नाही, म्हणून तिथं हे दिसलं नाही. साध्या ट्रिगरला एकच पिन असते, पलीकडे फ्लॅश आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही. ट्रिगर थोडा उशीरही लावतो, त्यामुळे १/२०० लाही कडेला सावली येऊ शकते. १/१६० ला राहा, विषय संपला.

हाय स्पीड सिंकसाठी पैसे घालू नका. या पद्धतीत फ्लॅश एका झोताऐवजी शटर सरकत असताना सलग अनेक बारीक झोत देतो, पण त्यासाठी कॅमेऱ्याचीही साथ लागते, आणि निकॉनच्या डी ३००० व डी ५००० मालिकेतल्या बॉडींत ती सोय नाही. डी ५६०० वर कितीही महाग फ्लॅश लावलात तरी ती चालणार नाही. तिची गरज दुपारच्या उन्हात मोठ्या अ‍ॅपर्चरला लागते. त्याऐवजी भर उन्हात आयएसओ १००, १/२००, एफ ११ ठेवा. गाइड नंबर ३६ ने सरळ फ्लॅश तीन मीटरवर उन्हाच्या तोडीस तोड जातो. तुम्हाला तर फक्त डोळ्यांखालच्या सावल्या भरायच्या आहेत, दीड स्टॉप कमी, म्हणजे पाच मीटरपर्यंत पोचाल. याहून बरं म्हणजे जोडप्याला कार्यालयाच्या व्हरांड्यात सावलीला उभं करणं. गोरज मुहूर्त असेल तर नशीबवान आहात. तिथं आकाशाचा उजेड दर काही मिनिटांनी पडत जातो. त्याच्यामागे शटर हळूहळू उतरवत राहा, फ्लॅशला हात लावू नका.

फ्लॅश बाजूला ठेवायचा तर एक स्टँड, एक पांढरी छत्री, साधा रेडिओ ट्रिगर पुरे. चेहऱ्यापासून दीड मीटरवर, पंचेचाळीस अंशांत, डोक्याच्या थोडं वर. स्टँडच्या पायावर वजन ठेवाच, हॉलमध्ये मुलं पळत असतात. किंवा एखाद्या चुलतभावाच्या हातात द्या. फ्लॅशमधल्या डोळ्याने दुसऱ्या फ्लॅशला बघून पेटणारी एस १ पद्धत लग्नात वापरू नका. ठरलेल्या फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की तुमचाही पडेल, आणि त्याचा फोटो बिघडेल. त्याला आधी भेटून त्याचा रेडिओ चॅनल विचारा, तुम्ही दुसरा घ्या. मुहूर्ताच्या वेळी त्याच्या आणि व्हिडिओवाल्याच्या चौकटीबाहेर राहा. तो पैसे घेऊन आलाय, त्याला ते फोटो द्यायचेच आहेत.

सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, चार्ज धरून ठेवणाऱ्या जातीचे, चार फ्लॅशमध्ये आणि आठ खिशात. चारांचा संच कायम एकत्र ठेवा, जुने-नवे मिसळू नका. पूर्ण ताकदीवर ओळीने फोटो मारत राहिलात तर फ्लॅश तापून बंद पडतो, स्वस्त फ्लॅशचं पुढचं प्लास्टिक वितळतं. लग्न झालं की सेल काढून ठेवा.

वडिलांचा जुना फ्लॅश डी ५६०० वर लावण्याआधी त्याचं व्होल्टेज मोजा. त्या काळचे बरेच फ्लॅश पेटायला तयार असताना हॉट शूच्या पिनेवर शेकडो व्होल्ट ठेवत. विवितार २८३ हा तेव्हा घरोघरी असलेला फ्लॅश, त्याच्या सुरुवातीच्या नगांत ते अडीचशेच्या वर जातं. निकॉनच्या माहितीपुस्तकात २५० व्होल्टहून जास्त किंवा उलट्या ध्रुवाचं व्होल्टेज हॉट शूला देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, फ्लॅश चालू करून तयार होऊ द्या, लाल टोक मधल्या पिनेला आणि काळं बाजूच्या धातूच्या पट्टीला लावा. दहा-वीसच्या आत आला तर निर्धास्त वापरा. त्याहून जास्त आला तर कॅमेऱ्यावर लावू नका आणि ट्रिगरवरही नाही, कारण स्वस्त ट्रिगर तर त्याहून नाजूक असतात. तसा फ्लॅश वापरायचाच असेल तर प्रकाश बघून पेटणारा वेगळा स्लेव्ह बसवा, कॅमेऱ्याशी त्याचा तारेचा संबंधच ठेवू नका, आणि तोही घरच्या फोटोंपुरता, लग्नाच्या हॉलमध्ये नको. आणि फ्लॅश उघडून बघायचा मोह झाला तर आवरा. आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही कितीतरी वेळ जोरदार झटका देण्याइतका भरलेला असतो.